मावची सरांची हरकत

चहा आला की सभेतली माणसं बोलायची थांबतात. मावची सर मात्र चहा आला की उभे राहत.

खांडबाऱ्याच्या शाळेत मी नवीन लागले तेव्हाची पहिलीच शिक्षकसभा. शिपाई ट्रे घेऊन आत आला, मुख्याध्यापकांनी कप उचलला, आणि मागच्या बाकावरून एक हळू आवाज आला, "हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदय."

"बोला," मुख्याध्यापक म्हणाले. कप तोंडापाशी तसाच.

"मागील सभेचं इतिवृत्त अजून वाचून कायम झालेलं नाही. त्याआधी दुसरं कोणतंही कामकाज घेता येत नाही."

"अहो सर, चहा आहे हा. चहा काय कामकाज आहे?"

"विषयपत्रिकेवर शेवटचा विषय 'चहापान' असा छापला आहे. छापला म्हणजे कामकाज झालं."

मुख्याध्यापकांनी कागद उलटून पाहिला. छापलेलं होतं. कप खाली गेला. इतिवृत्त वाचून होईपर्यंत सगळ्यांच्या चहावर साय धरली. शेजारच्या बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "सवय करून घ्या. नाहीतर घरून पिऊन येत जा."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. बुटका, सावळा, बाराही महिने अंगात तपकिरी कोट, एक हात खुर्चीच्या पाठीवर. उभं राहण्यात घाई नाही आणि बसण्यातही नाही. मी मूळची नवापूरच्या शेख घराण्यातली. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, आणि नोट कुणीही दिली तरी आधी उजेडात धरून बघायची हे मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. इतका नियमाने वागणारा माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता, म्हणून पहिल्या दिवसापासून मला तो संशयास्पद वाटला. याला हवंय तरी काय, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला. सर मागच्या वर्षी गेले. तो प्रश्न मी तोवर विचारतच होते, हे खोटं कशाला बोलू.

सर शिकवायचे इतिहास आणि नागरिकशास्त्र. गाव खांडबाऱ्याच्या पुढे डोंगराकडे, एका पाड्यावर. घरात मावची बोली, रविवारी प्रार्थनेला गुजराती आणि मराठी दोन्ही, बाजारात आमच्याकडे सगळी अहिराणी. मात्र सरांच्या तोंडी जी मराठी होती ती पुस्तकातून जशीच्या तशी उचललेली. भाजीवालीशीसुद्धा तीच. एकदा आठवडे बाजारात मी त्यांच्या मागेच उभी होते. सर वांग्यांच्या ढिगापाशी उभे राहून म्हणाले, "आपण सांगितलेला दर मला मान्य नाही. आपण फेरविचार करावा." ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हनी ऱ्हायना हाऊ सर?" मी सांगितलं, महाग वाटतात म्हणतात. तिने दोन वांगी जास्त टाकली. सरांनी ती परत काढून ढिगावर ठेवली. मागितलं होतं ते दराबद्दल, वजनाबद्दल नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

मधल्या सुट्टीत आणि मोकळ्या तासाला सर संसद बघत. आधी स्टाफरूममधल्या टीव्हीवर, पुढे मोबाइल आला तसा मोबाइलवर. पृथ्वीच्या गोलाला टेकवून तो उभा करायचे आणि डबा खाता खाता कामकाज चालू. आम्हाला वाटायचं, माणूस राजकारणी आहे. कोणत्या पक्षाचा, एवढंच शोधायचं बाकी. मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसून बघायची. कुणाच्या भाषणाला मान हलते, कुणाच्या भाषणाला चेहरा वाकडा होतो. काही पत्ता लागेना. भाषणं चालू असताना सर भाकरीकडे बघत. कुणीतरी मध्येच उठून "पॉइंट ऑफ ऑर्डर" म्हटलं की मात्र घास हातात राहायचा.

"कोणता नियम ते नाही सांगितलं त्याने," एकदा ते पुटपुटले. "नियम सांगितल्याशिवाय हरकत घेतली. बसवतील खाली." आणि खरंच बसवलं. सरांना केवढा आनंद. मी विचारलं, "सर, पण तो म्हणत होता ते बरोबर होतं की चूक?"

"ते मला सांगता येणार नाही, शेखबाई. ते ज्याचं त्याला ठरवू द्या. मी फक्त कोण कसा उभा राहिला ते बघतो."

मला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. बरोबर काय, चूक काय, हे ज्याला सांगायचं नसतं त्याच्या मनात काहीतरी असतं, असा माझा अनुभव. निवडणुका जवळ आल्या की दोन्हीकडचे कार्यकर्ते सरांच्या पाड्यावर चकरा मारत. दोघांनाही सर कोरा चहा देत आणि दोघांच्याही जाहीरनाम्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत. दोघंही परत जाताना म्हणत, हा समोरच्यांचा आहे.

शाळेत दरवर्षी मुलांची संसद भरे. इतर शाळांत असतं तसं नाटक नव्हे. पाठ केलेली भाषणं सरांना चालत नसत. सभापती म्हणून ते नेहमी वर्गातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी निवडायचे. एका वर्षी डोंगरावरच्या पाड्यातली एक मुलगी त्या खुर्चीवर बसली. तिला मराठी यायची, पण आवाजच नव्हता. बाजारपेठेतली पोरं अहिराणीत नुसता कालवा करत होती. मला तर भीती वाटली, ही आता रडते. सरांनी मागून काही केलं नाही, नुसते हात मागे बांधून उभे. मुलीने डस्टर टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "बसा." पोरं बसली. त्यांना स्वतःलाच कळेना आपण का बसलो.

त्या दिवशी सर खुशीत होते, म्हणून मी विचारलं, "सर, हे सगळं कशासाठी? एवढं नियम नियम?"

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "माझा बाप गावच्या बैठकीला जायचा. त्याला फक्त आपली बोली यायची, आणि आवाज बारीक. तो हात वर करायचा. कुणी बघायचं नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं मंजूर. बाप हात खाली घ्यायचा आणि घरी यायचा. मी कॉलेजात गेलो तेव्हा वाचलं, की एका माणसाने उठून हरकतीचा मुद्दा म्हटलं तर पंतप्रधानालासुद्धा बोलणं थांबवावं लागतं. न ओरडता. मला ते खरंच वाटेना, बाई."

हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं, हे कबूल. पण वाईट वाटलं म्हणून संशय जातो असं थोडंच आहे. उलट मला वाटलं, माणूस हळवं बोलायलाही शिकलाय.

घरी मात्र सरांची एक हरकत टिकत नसे. मार्थाकाकी, म्हणजे सरांच्या बायको, मी पाड्यावर गेले की हसत हसत तक्रार करायच्या. कोंबड्या कुणी कोंडायच्या यावर सरांनी मुद्दा काढला की त्या म्हणायच्या, "हे कामकाजातून काढून टाका," आणि सर उठून कोंबड्या कोंडायचे. एवढा एकच माणूस मी पाहिला, ज्याच्यापुढे सर नियम न विचारता हलायचे.

आता संस्थेचं सांगते, कारण तिथेच सगळं घडलं. आमची शाळा एका शिक्षणसंस्थेची. कार्यालय नवापूरला, अध्यक्ष अण्णासाहेब. माणूस गोड बोलणारा, पांढरा सदरा, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय बोलायचा नाही. वर्गणी भरून शिक्षक, पालक कुणीही संस्थेचा सभासद होऊ शके आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरे. त्या सभांत सरांनी दोन्ही बाजूंना सारखंच छळलं. एकदा आम्ही शिक्षकांनी अण्णासाहेबांविरुद्ध निषेधाचा ठराव आणला. सर उठले, हरकतीचा मुद्दा, ठरावाची पूर्वसूचना दिलेली नाही. ठराव बारगळला. आम्ही म्हटलं, हा अण्णासाहेबांचा माणूस. पुढच्या वर्षी अण्णासाहेबांनी पुतण्याला कार्यकारिणीवर घ्यायचा विषय ऐन वेळी काढला. सर उठले, हरकतीचा मुद्दा, विषयपत्रिकेवर नाही. तोही बारगळला. अण्णासाहेब म्हणाले, सर शिक्षकांचे आहेत.

पालकांतर्फे बोलायचे ते दगाजी आप्पा. स्टेशनरोडला त्यांचं किराणा दुकान, आणि मुलगी आमच्याकडे आठवीत. आप्पा मला म्हणायचे, "बाई, हाऊ मानूस कोनाकडना शे तेच समजत नही." माझे मिया घरी तेच म्हणायचे, "तेरे सर का कुछ समझ में नहीं आता." मी म्हणायची, समजेल. कधीतरी दिसेलच.

सर निवृत्त झाले आणि दोनेक वर्षांनी ते झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत संस्थेच्या कार्यकारिणीने परस्पर ठरवून टाकलं, की नववी-दहावीचे वर्ग खांडबाऱ्याहून नवापूरच्या शाळेत हलवायचे. त्या वर्गांची स्टेशनलगतची इमारत गोदामाला भाड्याने द्यायची होती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जून उजाडला आणि वर्ग गेलेसुद्धा.

मुलग्यांचं काही अडलं नाही. कुणी मोटारसायकलवर, कुणी जीपला लटकून जायला लागले. पण पाड्यांवरच्या मुली आधीच तासभर चालून खांडबाऱ्याला यायच्या. तिथून पुढे सकाळच्या पॅसेंजरने नवापूर, संध्याकाळी गाडी लेट झाली तर अंधार. आईबाप म्हणाले, आठवी झाली, पुरे. आठवी झालेली मुलगी घरी बसली की पुढे काय होतं ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सरांची नात रूथ त्याच वर्षी नववीत गेली होती. हुशार पोर, सरांसारखीच हनुवटी खाली घालून बोलणारी.

आम्ही ठरवलं, दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत ठराव आणायचा, वर्ग परत खांडबाऱ्याला आणावेत. सभासद मोजून पाहिले. अटीतटीचं होतं, पण सर धरून आणि खुर्चीवरचे अण्णासाहेब वगळून आम्ही एकाने पुढे होतो.

मी आणि आप्पा ठराव घेऊन पाड्यावर गेलो. सरांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "हा असा आणू नका."

"का?"

"कार्यकारिणीने निर्णय घेतला आहे, पण सर्वसाधारण सभेने तो अजून कायम केलेला नाही. तो कायम करण्याचा ठराव त्यांना आणायला लावा. मी तसं पत्र देतो. मग तुम्ही फक्त विरोध करायचा; तो पडला की निर्णयही पडला. मागणारा पडतो तेव्हा त्याला काही मिळत नाही. त्यांना मागणारे करा, तुम्ही होऊ नका."

"आणि त्यांनी आणलाच नाही तर?"

"तर पुढच्या सभेत भाग पाडू."

"म्हणजे अजून एक वर्ष," मी म्हटलं. "तोवर मुली घरी."

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "बाई, हाऊ टाइम काढी ऱ्हायना." मलाही तेच वाटत होतं. त्याच आठवड्यात आप्पांनी नवापूरच्या रस्त्यावर सरांना अण्णासाहेबांच्या गाडीत बसलेलं पाहिलं. पुढच्या सीटवर, कोट घालून. झालं. माझ्या मनात जे काही पावपाव किलो शंका म्हणून होतं ते एका दमात मणभर झालं. ठराव आम्ही आम्हाला हवा तसाच पाठवला.

सभा नवापूरला, संस्थेच्या हॉलमध्ये. सगळे आलेले. अण्णासाहेब उठले आणि हात जोडून म्हणाले, "आजचा विषय माझ्याच कार्यकारिणीच्या निर्णयाबद्दल आहे. मी खुर्चीवर बसणं बरं दिसणार नाही. नियम ज्यांच्याइतके कुणालाच माहीत नाहीत, त्या मावची सरांनी आज अध्यक्षस्थान घ्यावं, अशी माझी विनंती."

हॉलमध्ये टाळ्या. मी आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी माझ्याकडे. संस्थेच्या घटनेत साफ लिहिलं होतं, अध्यक्षस्थानी बसलेल्याला मत नाही. मतं समसमान पडली तरच त्याने एक निर्णायक मत द्यायचं. म्हणजे आमचं पुढचं एक मत अण्णासाहेबांनी गोड बोलून खुर्चीवर नेऊन बसवलं होतं, आणि खुर्ची सोडून स्वतःचं मत मोकळं करून घेतलं होतं. आणि आमचे सर हरभऱ्याच्या झाडावर चढायला तयार. कोटाची बटणं लावत, सावकाश चालत गेले. खुर्चीवर बसताना त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि एकदा संपूर्ण हॉल पाहिला. आयुष्यभर दुसऱ्याच्या लग्नात वाजवणाऱ्याचं स्वतःचं लग्न लागावं, तसा तो चेहरा. मला इतका राग आला की कानशिलं तापली.

मी ठराव मांडला. मुलींबद्दल बोलले. दोनदा अण्णासाहेबांच्या माणसांनी मध्ये आरडाओरडा केला, दोनदा सरांनी त्यांना खाली बसवलं. मग अण्णासाहेबांचा एक माणूस उठून म्हणाला, चर्चा पुरे, आवाजी मतदान घ्या. आणि त्या बाजूने एकच गर्जना झाली, नामंजूर, नामंजूर. आमच्याकडे बायका जास्त, पाड्यावरचे आईबाप जास्त. आवाज कुठून आणायचा? मला वाटलं, संपलं.

"आवाजावर निर्णय होणार नाही," सर म्हणाले. "मतविभाजन होईल. ठरावाच्या बाजूचे खिडक्यांकडे उभे राहतील. विरुद्ध बाजूचे भिंतीकडे. उभे राहिलेले मोजले जातील. दार लावा."

शिपायाने दार लावलं. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या. रूथची आई, म्हणजे सरांची सून, पदर डोक्यावर घेऊन खिडकीकडे येऊन उभी राहिली. तेवढ्यात दारावर थापा. अण्णासाहेबांचा पुतण्या बाहेर फोनवर बोलत राहिला होता.

"उघडा रे, आपलाच माणूस आहे," अण्णासाहेब म्हणाले.

"मतविभाजन सुरू झाल्यावर दार उघडत नाही," सर म्हणाले.

"अहो सर, सभासद आहे तो."

"सभासद बाहेर आहे."

पुतण्या थापा मारत राहिला. मोजणी झाली. पुन्हा मोजणी झाली. समसमान.

आमच्याकडे एकच आनंद उसळला. आप्पांनी माझा हात दाबला. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. अण्णासाहेबांचा चेहरा पडला. त्यांना चेकमेट बसला हे त्यांना कळलं होतं, कारण निर्णायक मत सरांचं, सरांची नात नववीत, आणि आताच सरांनी पुतण्याला दाराबाहेर ठेवलं होतं. त्या क्षणी मी मनातल्या मनात सरांची माफीसुद्धा मागून टाकली, इतकी मी खूश.

सर उभे राहिले. एक हात खुर्चीच्या पाठीवर.

"मतं समसमान पडली आहेत. निर्णायक मत मला द्यायचं आहे. ते कसं द्यावं, हे आपल्या घटनेत लिहिलेलं नाही. मोठ्या सभागृहांची रीत अशी आहे, की अध्यक्षाने स्वतःच्या मताने बहुमत तयार करू नये. सभा ठरवू शकली नाही, तर जे आहे ते तसंच राहावं. आज वर्ग नवापूरला आहेत. माझं मत ठरावाच्या विरुद्ध. ठराव नामंजूर."

खिडकीकडे कुणालाच आधी समजलं नाही. आप्पा मला विचारत होते, "काय व्हयनं, बाई? काय सांगतस सर?" आणि भिंतीकडून अण्णासाहेब मोठ्याने हसले. त्यांनाही अपेक्षित नव्हतं, हे त्या हसण्यावरून कळत होतं. मला ते हसणंही नाटक वाटलं.

मी सरांना जिन्यात गाठलं. "सर, तुमची रूथ नववीत आहे."

"माहीत आहे मला."

"वर्ग परत यावेत असं तुम्हाला वाटत होतं की नाही?"

"वाटत होतं. वाटतं."

"मग?"

"बाई, ते माझं मत. ते मी खुर्चीवर बसताना खाली ठेवलं. आज मी एकट्याने तुमच्या बाजूने पारडं फिरवलं असतं, तर उद्या त्याच खुर्चीवर बसून अण्णासाहेबांनी एकट्याने फिरवलं असतं. मग तुम्ही काय म्हटलं असतं?"

"उद्याचं उद्या बघितलं असतं," मी म्हटलं. "खुर्चीवर बसलातच कशाला? गाडीतून फिरवून आणलं म्हणून?"

"गाडीत त्यांनी विचारलं, सभेने म्हटलं तर बसाल का. नाही म्हणायला मला नियम सापडला नाही." मग हळूच म्हणाले, "आणि बसावंसं वाटत होतं. आयुष्यात एकदा. ते खोटं नाही." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "मी म्हटलं होतं तुम्हाला, मागणारे होऊ नका."

म्हटलं होतं. पण अण्णासाहेबांच्या गाडीत बसणाऱ्या माणसाचा सल्ला कुणी ऐकला असता, हे मला कुणीतरी सांगावं.

त्यानंतर खांडबाऱ्यात सरांशी कुणी धड बोलेना. आप्पा दुकानात त्यांना माल देत, पण खुर्ची देत नसत. मी समोरून आले की ओढणी सारखी करत बाजूने जायची. जाता येता पाड्याकडे लक्ष मात्र होतं. काय मिळालं असेल? सुनेला संस्थेत चिकटवतील. मुलाला ट्रॅक्टर होईल. घरावर नवे पत्रे तरी येतील. काही येईना. कौलं तीच, कोंबड्या त्याच. याचा अर्थ, मी म्हटलं, चांगलं दडवून ठेवलेलं दिसतंय.

आणि मग आप्पांनी बातमी आणली. सर रोज सकाळच्या गाडीने नवापूरला जातात. रोज. निवृत्त माणूस, नवापूरला कोण त्यांचं? संस्थेचं कार्यालय नवापूरला. "बठ्ठं समजनं," आप्पा म्हणाले. मलाही सगळं समजलं. कार्यालयात सल्लागार म्हणून घेतलं असणार. कोट घालून खुर्चीवर बसायला.

जानेवारीत माझ्या अम्मीच्या डोळ्यांचं काम होतं, म्हणून मी शाळेतून रजा घेऊन सकाळच्या पॅसेंजरने नवापूरला निघाले. कडाक्याची थंडी, रुळांवर धुकं. पुढच्या डब्यात गर्दी म्हणून मी शेवटच्या डब्यात चढले, आणि तिथे सर.

दोन समोरासमोरच्या बाकांवर आणि खाली बॅगांवर शाळेच्या गणवेशातल्या मुली. पाड्यांवरच्या. काहींना मी स्वतः आठवीपर्यंत शिकवलेलं, आणि त्या घरी बसल्या असं धरून चालले होते. मध्ये सर, कोटावर मफलर, डब्याच्या पिशव्या मांडीवर. एका मुलीने मला पाहून सांगितलं, "बाई, सर नेतात आम्हाला. आणि संध्याकाळपर्यंत तिकडेच थांबतात. मग सोबतच येतो." कुठे थांबतात, मी विचारलं. "स्टेशनवर. बाकड्यावर. सर संसद बघतात."

सरांनी मला पाहून मान हलवली आणि बसायला जागा केली. मी बसले. त्यांचा खोकला मला आवडला नाही. खोल, छातीतून येणारा.

गाडी सुटली तशी खिडकीतून वाऱ्याचा झोत आला. रूथ उभी राहिली. "हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदय. खिडकी लावावी. थंडी आहे."

खिडकीशी बसलेली मुलगी म्हणाली, "लावायची नाही. मला गाडी लागते."

"बोलून झालं?" सर म्हणाले. "मतविभाजन. लावायची ज्यांना हवी त्या या बाकावर. नको त्या समोर." मुली हसत, एकमेकींना ढकलत इकडच्या तिकडे झाल्या. सरांनी मोजलं. खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत थांबले, आणि परत मोजलं.

"समसमान," ते म्हणाले.

रूथ त्यांच्याकडे बघत होती. मीही.

"निर्णायक मत. खिडकी आहे तशी राहील." आणि त्यांनी मफलर सोडून पुन्हा कानांवरून घट्ट गुंडाळला.

मी उठले आणि खिडकी खाली ओढून लावली. डबा एकदम उबदार झाला.

"हरकत आहे, शेखबाई," सर हळू आवाजात म्हणाले. "आपण या सभागृहाच्या सदस्य नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकी पुन्हा वर केली आणि चिंचपाडा स्टेशन येईपर्यंत आम्ही सगळे त्या वाऱ्यात बसून राहिलो.